बटाट्याच्या वखारीतलं बर्फाचं सामान

हॉलंडमध्ये डोंगर नाहीत, आणि फेब्रुवारीत शाळांना आठवडाभर सुटी लागली की अर्धा देश डोंगरात जातो. गाड्यांच्या टपांवर लांबट काळ्या पेट्या चढतात, त्यांत स्की असतात, आणि शनिवारी सकाळी उठून पाहावं तर गल्ली रिकामी. अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायला आल्यापासून अशा दोन सुट्या आम्ही खिडकीतून पाहिल्या होत्या. मी स्वतः याबद्दल फारसा दुःखी नव्हतो. पैसे देऊन थंडीत जायचं आणि पैसे देऊन घसरायचं, हा बेत मला पुरेसा पटलेला नव्हता.

अडचण लेकीची होती. ती दहा वर्षांची, इथल्याच डच शाळेत. सुटीनंतरच्या सोमवारी वर्गातली सगळी मुलं खुर्च्या गोल मांडून बसतात आणि कोणी काय केलं ते एकेक जण सांगतो. पहिल्या वर्षी तिने सांगितलं की आम्ही लायब्ररीत गेलो. दुसऱ्या वर्षी तिने सांगितलं की तिला आठवडाभर ताप होता. ताप नव्हता. हे आम्हाला तिच्या बाईंकडून कळलं, त्यांनी मला फाटकाशी गाठून आता बरं आहे का, असं विचारलं तेव्हा. मी बरं आहे म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या जानेवारीत, शेजारणीने दार वाजवलं. ती एका शाळेत गणित शिकवायची आणि तिची मुलगी आमच्या मुलीच्याच वर्गात होती. आल्प्समधल्या एका गावात तिच्या मामांचं घर होतं. यंदा तिची बहीण येत नव्हती, म्हणून एक खोली रिकामी होती. तुम्ही तिघं येता का, असं तिने विचारलं, आणि आम्ही आनंद व्यक्त करायच्या आत पुढे बोलू लागली.

"गाव फार महाग आहे. आम्हालाही परवडत नाही, घर मामांचं आहे म्हणून जातो. तेव्हा तिथे काहीही भाड्याने घ्यायचं नाही. सगळं इथून न्यायचं. बटाटेसुद्धा."

"बरं," मी म्हणालो.

"आणि तिथल्या स्की-शाळेत अगदी नवशिक्या मुलांचा वर्ग कधीच भरला. माझ्या मुलीच्या वर्गात, त्याच्या वरच्या, एक जागा आहे. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना वळता आणि थांबता यायला हवं. इथल्या बर्फाच्या हॉलमध्ये शिकवतात, आणि आलं की कार्ड देतात. कार्ड मिळालं नाही तर तुमची मुलगी आठवडाभर मामांच्या स्वयंपाकघरात बसून राहील. ते मला आवडणार नाही. मग तुम्ही येऊ नये असं मला वाटतं."

डच माणूस आमंत्रण देतो तेव्हा त्यात अटी आधी येतात आणि चहा नंतर. लेक जिन्यावर बसून सगळं ऐकत होती. त्या रात्री जेवताना तिने दोनदा विचारलं, "कार्ड केवढं असतं?"

मी त्या गावाच्या दुकानांचे भाव संगणकावर पाहिले. तिथे भाड्याच्या स्कींना कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि हिरा अशा चार पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीशेजारी एकाच माणसाचा फोटो होता, फक्त दात अधिकाधिक पांढरे होत गेले होते. आम्ही कशावरून पडायचं, चांदीवरून की सोन्यावरून, एवढाच निर्णय आमच्याकडे होता. तिघांचा सहा दिवसांचा हिशेब मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "एवढ्यात आपण पुण्याला जाऊन येऊ. आणि तिथे कुणी पडणार नाही."

हूफडॉर्पच्या ऑफिसात मी कॉफीच्या यंत्रापाशी हा विषय काढला. डच सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलता येत नाही, धर्माबद्दल बोलू नये, पण स्वस्त कुठे मिळतं हा विषय काढला की माणसं फुलतात. दहा मिनिटांत पाच जण जमले. शेवटी आमच्या टेस्टिंग टीममधल्या एका उंच, अबोल माणसाने कुठल्याशा रिपोर्टच्या पाठीवर नकाशा काढून दिला. बस, कालवा, कालव्याच्या काठाने तिसरं शेत, निळं दार.

"बोर्ड काय नावाचा आहे?" मी विचारलं.

"बोर्ड नाही," तो म्हणाला. "बोर्ड लावला की भाव वाढतो."

ते शेत पोल्डरमध्ये होतं, म्हणजे समुद्राच्या पातळीपेक्षा चारेक मीटर खाली. एके काळी तिथे सरोवर होतं, लोकांनी ते उपसून काढलं आणि तळावर बटाटे लावले. जमीन इतकी सपाट की क्षितिजावरची गायसुद्धा उंच वाटते. अशा ठिकाणी, निळ्या दाराच्या आत, बटाट्याच्या वखारीत, जमिनीपासून छतापर्यंत स्की उभे होते.

मला भव्य गोष्टींची सवय नाही असं नाही. कंपन्यांचे स्वागतकक्ष मी पाहिले आहेत, जिथे धबधबा असतो आणि बसायला जागा नसते. पण त्या वखारीत शिरल्यावर मी दाराशीच थांबून वर पाहत राहिलो. शेकडो जोड्या, उंचीप्रमाणे लावलेल्या. लाकडी खोक्यांत, ज्यांत उन्हाळ्यानंतर बटाटे भरत असणार, मापाप्रमाणे बूट. प्रत्येक खोक्यावर खडूने आकडा. हवेत ओल्या मातीचा आणि मेणाचा मिसळलेला वास. आणि मधोमध एका स्टुलावर साठीचा एक शेतकरी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात स्क्रूड्रायव्हर. त्या दिवशी शनिवार होता आणि त्याच्यासमोर पंधरा-वीस कुटुंबांची रांग होती. कुणी आवाज करत नव्हतं. देवळातही इतकी शिस्त मी पाहिलेली नाही.

त्याचा भाव एकच होता. पूर्ण हंगामाचा. जानेवारीत न्या, मार्चअखेर परत आणा. दिवस मोजायचे नाहीत, पायऱ्या नाहीत. त्या महागड्या गावातल्या दीड दिवसाच्या कांस्यापेक्षा कमी.

त्याची पद्धत अशी. आधी तो तुम्हाला बटाट्याच्या काट्यावर उभं करायचा. बायकोने आपलं वजन तोंडी सांगून पाहिलं. त्याने ऐकलं, मान हलवली आणि काट्याकडे बोट केलं. ती चढली, त्याने आकडा वाचला आणि लिहून घेतला.

खाली उतरून ती मला म्हणाली, "एवढं तर लग्नाआधी तुझ्या आईनेही तपासलं नव्हतं."

वजन कशाला, तर बूट स्कीवर ज्या चापाने अडकतो तो पडताना वेळेवर सुटला पाहिजे. घट्ट राहिला तर पाय मोडतो, सैल राहिला तर उगाच सुटतो. हे सगळं तो एका स्क्रूच्या अर्ध्या वळशात बसवायचा. वळसा द्यायचा, चाप हाताने दाबून पाहायचा, एक केसभर मागे घ्यायचा. मी विचारलं, तुम्ही किती वर्षं स्की करता? तो म्हणाला, "मी नाही करत. डोंगर मला आवडत नाहीत. मध्ये येतात, पलीकडचं काही दिसत नाही."

मग त्याने एका लाकडी पट्टीवर आमचे पाय मोजले. लेकीचा पाय सेंटिमीटरमध्ये मोजून वहीत आणि चिकटपट्टीवर साडेबावीस असं लिहिलं, ती पट्टी तिच्या जॅकेटच्या बाहीला चिकटवली आणि बुटांच्या खोक्यांकडे हात केला. मापाचा बूट आपण आणायचा, चाप तो बसवणार. एवढं करून तो पुढच्या कुटुंबाकडे वळला.

इथे आम्ही चूक केली.

मराठी घरात वाढलेल्या मुलाला मापाचा बूट मिळत नाही. शर्ट वाढत्या अंगाचा, गणवेश दोन उन्हाळ्यांचा, आणि बूट असा की पहिल्या वर्षी पुढे कापूस आणि तिसऱ्या वर्षी मागून अंगठ्याने ढकलायचा. मी स्वतः चौथीपर्यंत पाचवीचे बूट घातले. बायकोचंही तसंच. तेव्हा आम्ही दोघं साडेबावीसच्या खोक्यापुढे उभे राहिलो आणि काही न ठरवता आमचे हात पुढच्या खोक्याकडे गेले. लेकीने पाय घातला. बायको खाली वाकून अंगठ्यापुढे जागा आहे का ते दाबून पाहू लागली. बूट कडक प्लास्टिकचा, दाबला जाईना.

"बोटभर तरी जागा हवी," ती म्हणाली.

"भाड्याचे आहेत," मी म्हणालो. "परत द्यायचे आहेत."

"हंगामभर आपल्याकडे आहेत ना? आणि हिचा पाय बघ कसा वाढतोय."

हे मला पटलं. त्याहून पुढच्या खोक्यातला साडेचोवीस घेतला. आत तीन मोजे घातले की बसेल, असं ठरलं. जॅकेटवर डिंकाचा डाग राहील म्हणून बायकोने बाहीची पट्टी काढून टाकली. शेतकऱ्याने बूट घेऊन चाप त्याच्या लांबीला बसवला आणि विचारलं, "पाय बसतो?"

"उत्तम," मी म्हणालो. आयुष्यात असला बूट न घातलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने.

बर्फाचा हॉल म्हणजे सपाट रानात तिरकी उभी केलेली एक अवाढव्य पत्र्याची पेटी. बाहेर रिमझिम, शेजारी फर्निचरचं दुकान. तळाशी लाकडी आल्पाइन घराचा देखावा, प्लास्टिकचे देवदार आणि पेंढा भरलेला एक डोंगरी उंदीर. मी हसायच्या तयारीने आत गेलो. दार उघडलं आणि पहिला श्वास नाकात टोचला. वर, पार वर, दिव्यांच्या ओळींखाली, खरंखुरं पांढरं बर्फ. त्यावरून चार-पाच वर्षांची पोरं हात मागे बांधून, जणू कुणाशी बोलायला निघालीत, अशी खाली येत होती. आवाज फक्त रेशीम फाटावं तसा. एवढ्या सपाट देशाने, नाही तर नाही म्हणून, घरात डोंगर बांधून घेतला होता. देखावा बाजूला ठेवा, पण त्या उतारापुढे हसायचं मी विसरलो.

पाच रविवार आम्ही तिथे काचेमागे उभे राहिलो. शेजारीण आपल्या गाडीतून सगळ्यांना न्यायची. तिची मुलगी आधीच येत होती, ती सरावाला. आमची लेक दहा मुलांच्या वर्गात. पहिल्या रविवारी सगळीच पडत होती. दुसऱ्या रविवारी निम्मी. तिसऱ्या रविवारी ती एकटी. ती गुडघा डावीकडे वळवायची आणि स्की सरळ जायचा. शिक्षक बावीस-तेवीस वर्षांचा, भला पोरगा, उलटा घसरत तिच्यापुढे हात पसरून यायचा आणि ओरडायचा, "गुडघे वाकव." ती वाकवायची. पाय बुटात वाकायचा, बूट आपल्या जागी. त्याने दोनदा तिचे बकल तपासले, शेवटच्या खाचेपर्यंत आवळलेले होते. तीन मोज्यांनी ते साधलं होतं.

पाचव्या रविवारी नऊ मुलांना कार्डं मिळाली. शेजारीण काचेपाशी आली आणि लेकीच्या देखतच म्हणाली, "ती अजून चांगली नाही. शुक्रवारी पुन्हा एकदा पाहतील. मला वाटतं जमणार नाही. पण पाहू."

घरी आल्यावर आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललो. आपल्याकडे कोण कधी बर्फावर गेलंय. सगळ्यांना सगळं येतंच असं नाही. गाणं शिकेल. अशी वाक्यं. त्यांत खोटं काही नव्हतं, आणि तरी मला ती बोलताना स्वतःची लाज वाटली. लेक दारात येऊन उभी होती.

"सुटी संपल्यावर सोमवारी काय सांगायचं ते माझं ठरलंय," ती म्हणाली. "तुम्ही बाईंना काही बोलू नका."

बुधवारी इथे शाळा दुपारी सुटते. सामान परत करायला मी अर्धी रजा टाकली. हंगामाचे पैसे परत मिळणार नाहीत हे माहीत होतं, पण ते सामान बाल्कनीत उभं राहून तिच्याकडे बघत होतं, ते तरी जाईल, असं बायकोचं म्हणणं. लेक म्हणाली, मी पण येते. आमच्याकडे गाडी नव्हती. दोन बस बदलून, स्की खांद्यावर घेऊन आम्ही पोल्डरमध्ये उतरलो. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, डोंगर उलट्या दिशेला आहे. हजारेक किलोमीटर."

"माहीत आहे," मी म्हणालो. लेकीला हसू आलं नाही.

वखारीत रांग नव्हती. शेतकरी बियाण्याचे बटाटे निवडत होता. मी सामान टेकवलं आणि परत करायचं आहे म्हणालो. त्याने माझ्याकडे न पाहता लेकीला विचारलं, "का?"

"मला येत नाही," ती म्हणाली.

"किती वेळा केलंस?"

"पाच रविवार."

"काय होतं?"

ती एकदम बोलू लागली, माझ्याशी कधी बोलली नव्हती इतकं. पाय वळतो पण स्की वळत नाही. टाच वर येते. उतरताना बोटं पुढे आपटतात. सगळे म्हणतात वाक आणि मी वाकते. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने एक बूट उचलला, उलटा केला, टाचेवरचा आकडा वाचला. मग खिळ्याला टांगलेली वही काढली, पानं मागे नेली, बोट एका ओळीवर ठेवलं.

"मी साडेबावीस लिहिलं होतं."

आता माझी पाळी होती. आमच्याकडे मुलांचे बूट थोडे मोठे घेतात, मुलं वाढतात, असं मी त्याला समजावलं. सांगताना ते वाक्य मला पहिल्यांदाच बाहेरून ऐकू आलं. त्याने ते पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा नाकावर चढवला आणि विचारलं, "शनिवारपर्यंत किती वाढेल ती?"

लेक माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. त्याऐवजी तिथे काहीतरी हळूहळू उजाडत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणजे मला येत नाही असं नाही?"

"माहीत नाही," शेतकरी मध्येच म्हणाला. मराठी त्याला कळत नव्हती, पण प्रश्न कळला असावा. "बस."

मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. तो जमिनीवर गुडघे टेकून बसला, वय आणि देह दोन्ही मोठे असताना. तिचे तीनही मोजे काढून बाजूला ठेवले. एक पातळ, लांब मोजा चढवला आणि अंगठ्यापासून पोटरीपर्यंत बोट फिरवून त्यातली एकूण एक चुणी काढली. साडेबावीसचा बूट घातला. तिची टाच जमिनीवर दोनदा आपटायला लावली. बकल खालून वर, एकेक, घाई नाही. मग तिला उभं करून म्हणाला, पुढे झुक. ती झुकली, आणि बूट तिच्याबरोबर झुकला.

"आवळतंय," ती म्हणाली.

"कुठे दुखतं? बोट ठेव."

तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. कुठेच थांबलं नाही.

"मग दुखत नाही," तो म्हणाला.

त्याने तिला पुन्हा काट्यावर उभं केलं, कारण पाच आठवडे झाले होते. वजन अर्धा किलोने वाढलेलं निघालं. त्याने चाप नव्या बुटाच्या लांबीला आणला, स्क्रूला वळसा दिला, केसभर मागे घेतला. मी किती पैसे झाले ते विचारलं, तर तो बटाट्यांकडे परत गेला होता. जगात माणसाच्या मोठेपणाची फार जाहिरात होते आणि मी ती शक्यतो वाचत नाही. त्या दिवशी मी त्या दारात टोपी काढून उभा होतो, हे मला बाहेर वारा लागल्यावर कळलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर शेजारीण आम्हाला हॉलवर घेऊन गेली. वाटेत मी तिला बुटांचं सांगितलं. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "हे मी तपासायला हवं होतं. मला वाटलं नाही की असं कुणी करेल."

त्या दिवशी शिक्षकाकडे सहा मुलं होती, वेगवेगळ्या वर्गांतली राहून गेलेली. लेक शेवटची. बायकोने माझी बाही धरली होती. पहिली दोन मुलं उतरली, तिसरं पडलं, आणि मी मनात गाणं शिकेल, गाणं शिकेल असं म्हणत होतो. ती निघाली. पहिलं वळण उजवीकडे. फार सुंदर नव्हतं, पण स्की तिच्यामागून आला नाही, तिच्याबरोबर आला. दुसरं डावीकडे. ती खरोखर वळते आहे हे तिला मध्यावर कळलं असणार, कारण तिने वर पाहिलं, आणि खाली पाहायच्याऐवजी तशीच वर बघत शिक्षकाच्या पसरलेल्या हातांच्या बाजूने पुढे निघून गेली. तो वळून तिच्यामागे गेला. ती तळाशी टाचा बाहेर ढकलून थांबली, आणि थांबल्यावर जराही हलली नाही. पाच आठवडे जी मुलगी बर्फावर फक्त पडताना दिसली होती ती तिथे उभी होती, आणि मला एवढंच सुचलं की हे हिला आधीपासून येत होतं.

कार्ड खेळायच्या पत्त्याएवढं होतं. शेजारणीने ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं, शिक्षकाची सही पाहिली.

"उद्या पहाटे पाचला निघायचं," ती आम्हाला म्हणाली. "उशीर नको. बटाटे मी घेतलेत."

बायको डोळे पुसत होती. मी लेकीला चल म्हणालो, बूट काढ, बॅगा भरायच्या आहेत. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. तिकीट तासाचं होतं.

"अजून अकरा मिनिटं आहेत, बाबा," ती म्हणाली, आणि वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.